परतीची मिरास : मुंबईचे कलंदर कवी आणि त्यांची वस्ती

१

नामदेव ढसाळ यांचा 'गोलपिठा' हा काव्यसंग्रह १९७२ साली प्रसिद्ध झाला, तेव्हा त्याला विजय तेंडुलकर यांची प्रस्तावना होती. त्याच वर्षी तेंडुलकरांची 'सखाराम बाइंडर' आणि 'घाशीराम कोतवाल' ही नाटके रंगभूमीवर आली. पांढरपेशा प्रेक्षकाला अस्वस्थ करणे या लेखकाला नवे नव्हते. तरीही या प्रस्तावनेतील स्वर जाणत्याचा नाही. पांढरपेशांच्या हिशेबी जिथे निर्मनुष्य प्रदेश सुरू होतो, तिथे ढसाळांच्या कवितेचे जग सुरू होते, अशा आशयाचे विधान तेंडुलकरांनी केले. आणि या जगातील कितीतरी शब्द आपल्याला परके आहेत हेही त्यांनी झाकून ठेवले नाही.

मराठी समीक्षेत या प्रस्तावनेचा उल्लेख वारंवार होतो. मात्र तिच्यात गृहीत धरलेल्या सीमारेषेविषयी एक गोष्ट सहसा बोलली जात नाही. ही रेषा १९७२च्या आधी दीड-दोन दशके ओलांडली जात होती, पण ती पलीकडच्या बाजूने. सुशिक्षित, बहुतांशी सवर्ण घरांतील तरुण कवी, चित्रकार आणि लघुनियतकालिकांचे संपादक इराण्याच्या हॉटेलांतून, दारूबंदीच्या काळातील चोरट्या गुत्त्यांतून आणि ग्रँट रोड-फोरास रोडच्या रात्रींतून मुंबई शोधत हिंडत होते. घर, नोकरी, प्रतिष्ठा यांच्याकडे पाठ फिरवून जगण्यात त्यांना सत्याचा काही अंश सापडेल असे वाटत होते. ढसाळ त्याच रस्त्यांवर लहानाचे मोठे झाले. एकाच वस्तीत एकाला मुक्ती दिसत होती आणि दुसऱ्याला जन्माने मिळालेला मुक्काम. या दोन दृष्टींची गाठ मराठी कवितेत कशी पडली आणि तिच्यातून काय निष्पन्न झाले, हा प्रश्न वाङ्मयेतिहासाइतकाच समाजेतिहासाचा आहे.

२

अशा जगण्याला युरोपात 'बोहेमियन' म्हणण्याची प्रथा पडली ती पॅरिसमुळे. ऑंरी म्युर्जे याने १८४५ पासून एका पॅरिसच्या नियतकालिकात लॅटिन क्वार्टरमधील निष्कांचन कलावंतांची शब्दचित्रे लिहिली. १८४९ मध्ये त्यांचे नाटक झाले, १८५१ मध्ये ग्रंथ आला आणि १८९६ मध्ये पुचिनीच्या संगीतिकेने ते जीवन जगभर पोहोचविले. म्युर्जे स्वतः शिंप्याचा मुलगा होता. नाटकाला यश येताच तो त्या वस्तीतून बाहेर पडला, पण त्या वर्षांनी खिळखिळे केलेले शरीर घेऊन. १८६१ मध्ये वयाच्या अडतिसाव्या वर्षी तो वारला. म्युर्जेच्या पानांवर दारिद्र्य हा तारुण्यातील एक टप्पा आहे. तो ओलांडून काहीजण प्रतिष्ठेला पोहोचतात, काहीजण वाटेतच मरतात. तिथला शिंपी, धोबीण किंवा घरमालक मात्र कुठलाही टप्पा ओलांडत नाही. तो आहे तिथेच राहतो.

मराठीत या शब्दाला नेमका पर्याय नाही आणि हे अर्थपूर्ण आहे. 'कलंदर' हा शब्द सूफी परंपरेतून आला. 'फकीर', 'अवलिया', 'बैरागी' यांच्यामागेही धर्माचे अधिष्ठान आहे. 'भणंग' या शब्दात निव्वळ कंगाली आहे. तिच्यात निवडीचा भाग नाही. स्वेच्छेने पत्करलेले दारिद्र्य आणि लादले गेलेले दारिद्र्य यांत भाषेने पूर्वापार भेद केला आहे. त्यातील पहिल्याला तिने आदर दिला, दुसऱ्याला फार तर दया.

हा भेद समजण्यासाठी परक्या संज्ञेपेक्षा मराठी मुलखातील एक जुनी संज्ञा अधिक उपयोगी पडते. मराठेशाहीतील गावगाड्यात जमीन कसणारे दोन प्रकारचे असत : मिरासदार आणि उपरी. मिरासदाराचा जमिनीवरील हक्क वंशपरंपरेचा होता. दुष्काळात किंवा कर्जापायी तो गाव सोडून परागंदा झाला, तरी त्याची मिरास सहजी बुडत नसे. बऱ्याच वर्षांनी तो किंवा त्याचा वारस परतला आणि थकलेला सारा चुकता केला, तर त्याला आपली जमीन पुन्हा मागता येई. उपरी तीच जमीन कसत असला, त्याच मातीत राबत असला, तरी त्याला असा हक्क नव्हता. शेतात उभ्या असलेल्या दोन माणसांकडे पाहून त्यांच्यातील मिरासदार कोण हे सांगता आले नसते. फरक दिसे तो संकटाच्या वर्षी.

महानगरातील कलंदर जगण्याचा विचार करताना हाच निकष लावून पाहण्यासारखा आहे. कोण कुठे बसला, काय प्याला, कोणत्या फुटपाथवर झोपला यापेक्षा कोणाला परत जाण्याची वाट मोकळी होती, हे पाहणे महत्त्वाचे ठरते. शिक्षण, जात, नातेवाईक, इंग्रजी आणि ओळखीपाळखी यांनी मिळून तयार होणारी ही परतीची मिरास खिशात पैसा नसतानाही माणसाजवळ असते. पुष्कळदा ती असल्याचे त्याच्या ध्यानातही नसते.

याची दुसरी बाजूही गावगाड्यातच आहे. महारांनाही वतन होते. पण ते हक्कापेक्षा वेठीचे साधन होते. डॉ. बाबासाहेब आंबेडकर यांनी १९२८ मध्ये मुंबई कायदेमंडळात त्याविरुद्ध विधेयक मांडले आणि या वतनाचा कायद्याने शेवट व्हायला १९५० नंतरचे दशक सरत यावे लागले. दलितांच्या शहरात येण्याला परतीची ओढ नव्हती. गावाकडे जाणारी वाट ही त्यांच्यासाठी पुन्हा गावकुसाबाहेर नेणारी वाट होती. दया पवार यांनी १९७८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या आत्मकथनाला 'बलुतं' हे नाव दिले, त्यात हा सारा इतिहास साठवला आहे.

३

ज्या वस्तीविषयी हे विवेचन आहे, तिची घडण पाहिल्याशिवाय पुढे जाता येत नाही. मुंबईतील पहिली कापडगिरणी १८५४ मध्ये स्थापन झाली आणि पुढील अर्धशतकात शहराचा मध्यभाग गिरण्या, गोद्या आणि चाळी यांनी भरून गेला. कामाठीपुऱ्याला नाव मिळाले ते तेलंगणाकडून बांधकामाच्या मजुरीसाठी आलेल्या कामाठ्यांवरून. आजूबाजूला फोरास रोड, फॉकलंड रोड, सुखलाजी स्ट्रीट, नागपाडा, भायखळा. जवळच नाटकांचे मांडवे आणि थिएटरे असलेला 'प्ले हाऊस'चा परिसर. लोकांच्या तोंडी त्याचे 'पिला हाऊस' झाले. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धापासून येथे वेश्याव्यवसाय एकवटत गेला. १८९६च्या प्लेगनंतर, १८९८ मध्ये शहर सुधारणा ट्रस्ट स्थापन झाला, नवे रस्ते आखले गेले. या गल्ल्यांची दाटी मात्र कमी झाली नाही.

गिरणीकामगार, हमाल, कसाई, कातडी कमावणारे, भंगार गोळा करणाऱ्या बाया, शरीरविक्रय करणाऱ्या स्त्रिया, तमासगीर, पठाण सावकार आणि इराणी दुकानदार अशी ही वस्ती होती. 'बलुतं'मध्ये येणारा नागपाड्याजवळचा कावाखाना हा याच प्रदेशाचा भाग. ढसाळांचे बालपण गेले ती ढोर चाळही इथलीच. १९४९ मध्ये पुणे जिल्ह्यातील पूर-कनेरसर येथे जन्मलेला हा मुलगा वडिलांमागोमाग मुंबईला आला; वडील खाटकाकडे कामाला होते. पुढे तो टॅक्सी चालवू लागला.

तरुण लेखकांना या भागाकडे आणि एकूणच अशा मुंबईकडे ओढणाऱ्या गोष्टी रोमँटिक होत्या तशा व्यावहारिकही होत्या. १९४७च्या भाडे नियंत्रण कायद्याने जुनी भाडी गोठली आणि चाळीतील खोली ज्याच्या हाती होती त्याला ती जवळजवळ कायमची मिळाली. १९४९च्या दारूबंदी कायद्याने सर्व थरांतील मद्यपींना एकाच चोरट्या गुत्त्यात आणून बसविले. 'आंटी'च्या घरातल्या बाकावर गोदीकामगार आणि जाहिरात कंपनीतला चित्रकार शेजारी बसत, कारण दोघांनाही दुसरीकडे जागा नव्हती. आणि इराण्याचे हॉटेल : एका चहावर कितीही वेळ बसावे, मालकाने उठवू नये. या तीन गोष्टींनी मिळून एक सामाईक अंगण तयार झाले. त्या अंगणातून रात्री उठून माणसे आपापल्या दिशेने पांगत तेव्हा मिरासदार आणि उपरी वेगळे होत.

४

१९५४ मध्ये दिलीप चित्रे, अरुण कोलटकर आणि रमेश समर्थ यांनी 'शब्द' हे चक्रमुद्रित अनियतकालिक सुरू केले. पुढच्या दशकात अशोक शहाणे यांचे 'असो' आले, राजा ढाले यांची पत्रके आली, भालचंद्र नेमाडे यांची 'वाचा' आली. प्रस्थापित मासिकांच्या, विशेषतः 'सत्यकथे'च्या, अभिरुचीविरुद्ध हे बंड होते. त्या बंडाचा एक भाग कागदावर होता, दुसरा जगण्यात. कवितेने नीटस दिवाणखान्यातून बाहेर पडावे, तर कवीनेही पडावे, अशी ही धारणा होती.

या पिढीतील लेखक कोठून आले हे पाहिले की चित्र स्पष्ट होते. चित्रे यांचे वडील बडोद्याहून 'अभिरुची' हे वाङ्मयीन मासिक चालवीत. १९५१ मध्ये हे कुटुंब मुंबईला आले. कोलटकर यांचे वडील कोल्हापूरकडे शिक्षण खात्यात होते. कोलटकर जे. जे. कलाशाळेत शिकले. पन्नाशीच्या दशकाच्या प्रारंभी त्यांनी हलाखीचे दिवस काढले, पायी भटकंती केली. 'मुंबईनं भिकेस लावलं' ही कविता त्या काळाच्या खुणा वागवते. ती हलाखी खरी होती; तिला नाटक ठरविणे अन्यायाचे होईल. परंतु पुढे जाहिरातकलेच्या व्यवसायात ते अग्रगण्य झाले, हेही तितकेच खरे आहे. हाताशी असलेली कला, इंग्रजीची सहजता आणि कलाशाळेतील संबंध यांच्या आधारे हा प्रवास होऊ शकला. शेजारच्या गुत्त्यातल्या हमालाला तो शक्य नव्हता.

१९६२ मध्ये ॲलन गिन्सबर्ग आणि पीटर ऑरलॉव्हस्की भारतात आले. मुंबई, कलकत्ता आणि बनारस येथे त्यांनी जवळजवळ सव्वा वर्ष काढले. स्मशाने, घाट, गांजाची बैठक, स्वस्त हॉटेलांतील खोल्या यांची नोंद गिन्सबर्गने आपल्या रोजनिशीत केली. ती १९७० मध्ये ग्रंथरूपाने आली. मुंबईतील कवींशी त्याच्या भेटी झाल्या. अमेरिकन कवीला या देशातील दारिद्र्यात एक अध्यात्म दिसत होते. त्याच्या खिशातला पासपोर्ट हा परतीच्या मिराशीचा सर्वांत उघड कागद होता. त्याने आपल्या देशातील सुखवस्तूपणाला नकार दिला होता हे मान्य करूनही असे म्हणावे लागते की, कुष्ठरोग्याशेजारी बसणे आणि कुष्ठरोगी असणे यांतले अंतर त्या रोजनिशीत सर्वत्र जाणवत राहते.

मराठी कवींनी गिन्सबर्गचे अनुकरण केले असा एक सोपा समज आहे. 'शब्द'चा प्रारंभ त्याच्या आगमनाच्या आठ वर्षे आधीचा आहे, एवढी एकच गोष्ट तो दूर करण्यास पुरेशी ठरावी. कोलटकरांनी १९६०च्या सुमारास मुंबईच्या बाजारू हिंदीत लिहिलेली कविता पाहिली तर या बंडाचे खरे फलित हाती लागते. पगार मागणाऱ्या, परवडत नाही म्हणून भांडणाऱ्या, पोलिसाला उत्तर देणाऱ्या माणसाची ती बोली आहे. तिच्यावर कवीने सहानुभूतीचा मुलामा चढविलेला नाही. शुद्धलेखनाच्या आणि अभिरुचीच्या दारातून जी भाषा आत येऊ शकत नव्हती, तिला कवितेची भाषा म्हणून उभे करण्याचे काम या पिढीने केले. १९६५ मध्ये भाऊ पाध्ये यांच्या 'वासूनाका'वर अश्लीलतेचे वादळ उठले, तेही मुख्यतः भाषेमुळेच. पाध्ये कामगार चळवळीतून आले होते, आणि नाक्यावरच्या पोरांची भाषा त्यांनी पाहुण्यासारखी वापरली नाही.

या पिढीतील सर्वांनी आपली मिरास परत मागितली असेही नाही. मनोहर ओक यांची 'चरसी' ही कादंबरी आणि त्यांचे प्रत्यक्ष आयुष्य यांत फारसे अंतर राहिले नाही. परतीची वाट मोकळी असूनही काहीजण त्या वाटेने गेले नाहीत. त्यांच्या बाबतीत 'हौस' हा शब्द वापरताना समीक्षकाने थांबावे.

५

हाच पेच त्या काळात बंगालमध्ये अधिक नाट्यमय रीतीने पुढे आला. नोव्हेंबर १९६१ मध्ये पाटण्याहून निघालेल्या एका पत्रकाने 'हंग्री जनरेशन' या चळवळीचा प्रारंभ झाला. मलय रायचौधुरी, त्यांचे बंधू समीर, शक्ती चट्टोपाध्याय आणि देबी राय हे तिचे आरंभीचे प्रवर्तक. रायचौधुरी बंधू सावर्ण रायचौधुरी घराण्यातले : ज्या घराण्याने १६९८ मध्ये कलकत्त्याच्या तीन गावांचे हक्क ईस्ट इंडिया कंपनीला दिले, त्याच घराण्याचे हे वंशज. परंतु मलय यांचे बालपण पाटण्याच्या इमलीतला या गरीब मोहल्ल्यात गेले. घराण्याच्या नावाची मिरास होती, तिच्या मागे जमीन उरली नव्हती. याउलट देबी राय हे हराधन धाडा या नावाने, तथाकथित खालच्या जातीत, हावड्याच्या झोपडवस्तीत वाढलेले. आणि चळवळीच्या पत्रकांवर संपर्कासाठी पत्ता छापला जाई तो त्यांचाच.

सप्टेंबर १९६४ मध्ये अटका झाल्या. मलय यांना बेड्या घालून पाटण्याच्या रस्त्यांवरून नेण्यात आले. अखेर खटला उभा राहिला तो एकट्या मलय यांच्यावर, एका कवितेसाठी, अश्लीलतेच्या कलमाखाली. १९६५च्या अखेरीस २०० रुपये दंडाची शिक्षा झाली आणि १९६७ मध्ये कलकत्ता उच्च न्यायालयाने त्यांना निर्दोष सोडले. या काळात जुने सहकारी दुरावले, काहींनी सरकार पक्षाची साक्ष दिली. मिरास कोणाची किती खोल आहे हे संकटाच्या वर्षी कळते, याचे हे भारतीय साहित्यातील ठळक उदाहरण होय. उपासमारीला प्रतिमा मानणाऱ्या चळवळीत उपाशी राहण्याची प्रत्यक्ष ओळख फार थोड्यांना होती. ज्यांना ती होती, त्यांची नावे चळवळीच्या इतिहासात मागच्या ओळीत राहिली.

 मराठीत दुसरी घटना घडली, आणि ती अधिक दूरगामी ठरली. ज्या वस्तीत कवी जात होते, त्या वस्तीतून कवी बाहेर आला.

६

दलित साहित्याची भूमी 'गोलपिठा'पूर्वी तयार झाली होती. घाटकोपरच्या चिरागनगरात राहून अण्णा भाऊ साठे यांनी लिहिले. नारायण सुर्वे यांचा 'ऐसा गा मी ब्रह्म' १९६२ मध्ये आला आणि बाबुराव बागूल यांचा 'जेव्हा मी जात चोरली होती' १९६३ मध्ये. १९७२ मध्ये ढसाळ, राजा ढाले, ज. वि. पवार यांनी दलित पँथरची स्थापना केली. वडाळ्याच्या सिद्धार्थ विहार वसतिगृहातील खोल्या आणि फोरास रोडच्या गल्ल्या ही या चळवळीची दोन टोके होती. एकीकडे शिक्षणाने मिळालेला तिचा मार्ग होता, दुसरीकडे रस्त्याने दिलेला.

'गोलपिठा'तील कविता वाचताना जाणवते की, इथे वस्ती हे दृश्य राहिलेले नाही. पाहणारा आणि पाहिले जाणारे असा भेद तिथे टिकत नाही. वेश्या, दलाल, हिजडे, भडवे, उपाशी पोरे यांची नावे कवी घेतो ती आप्तांची नावे घ्यावीत तशी. त्याच्या शिव्याही आतल्या माणसाच्या आहेत. बाहेरून आलेला कवी घाणीचे वर्णन करताना एक पाऊल मागे उभा असतो, आणि ती एका पावलाची जागा त्याच्या वाक्यरचनेत दिसते. ढसाळांच्या वाक्यात ती जागा नाही.

मात्र या विधानावर थांबले, तर इतिहास अर्धाच सांगितला जाईल. ढसाळ हे केवळ 'अस्सल अनुभवा'चे कवी नव्हते. लघुनियतकालिकांचे ते आवडीने वाचन करीत, चित्र्यांच्या पिढीची कविता त्यांनी पचविली होती, आणि तिच्या अतिवास्तव प्रतिमासृष्टीचा त्यांनी आपल्या कारणासाठी उपयोग केला. कवितेची मोडतोड करण्याची जी मुभा मध्यमवर्गीय बंडखोरांनी मिळविली होती, ती मुभा ढसाळांनी घेतली आणि तिच्यात ज्या वस्तूंची उणीव होती त्या आणून टाकल्या. चित्रे यांनीही हे ऋण दुसऱ्या दिशेने मान्य केले. ढसाळांच्या कवितेची त्यांनी केलेली इंग्रजी भाषांतरे २००७ मध्ये ग्रंथरूपाने आली, आणि मराठीबाहेरच्या वाचकाला हा कवी मुख्यतः त्यांच्यामुळे भेटला. सामाईक अंगणातून असेही काही निर्माण होऊ शकते.

अर्थात या देवघेवीतही वाटा समान नव्हत्या. कलंदर जगणे मध्यमवर्गीय कवीला शोभे. तो नोकरीवर उशिरा आला तर 'मनस्वी' ठरे. तेच दलित तरुणाच्या वाट्याला आले की, 'संस्कार नाहीत' हे जुने मत दृढ होई. एकाच वागण्याचे दोन अर्थ लावणारा हा समाज होता. या अर्थाने पाहिले तर भणंगपणादेखील मिराशीचाच एक भाग होता : तो मिरविण्याचा हक्क सर्वांना नव्हता.

७

आणि तो स्त्रियांना तर जवळजवळ नव्हताच. इराण्याच्या टेबलावरील चर्चांच्या आठवणी मराठीत विपुल आहेत. त्या टेबलाभोवती स्त्रिया क्वचितच दिसतात, आणि रात्रीच्या भटकंतीत तर नाहीतच. ज्या स्त्रिया त्या रात्रींत आहेत त्या दाराशी उभ्या आहेत, कवितेत आहेत, पण बोलणाऱ्या नाहीत. कामाठीपुऱ्यातील स्त्रीने स्वतः लिहिलेली कविता त्या काळच्या कोणत्याही अनियतकालिकात नाही. मध्यमवर्गीय बंडखोर असो वा दलित बंडखोर, तिच्या वतीने बोलणारा पुरुषच राहिला.

मल्लिका अमर शेख यांचे 'मला उद्ध्वस्त व्हायचंय' हे १९८४ मधील आत्मकथन या चित्राची मागची बाजू दाखविते. शाहीर अमर शेख यांची कन्या, स्वतः कवयित्री आणि नामदेव ढसाळ यांची पत्नी असलेल्या या लेखिकेने संसारातील अस्थिरता, हिंसा आणि आजार यांविषयी लिहिले, ते कोणाचा मुलाहिजा न ठेवता. कलावंताच्या बेबंद आयुष्याचा खर्च कोण भरतो, या प्रश्नाला मराठीत इतके थेट उत्तर त्यापूर्वी मिळाले नव्हते. शोषितांचा कवी घरात शोषक असू शकतो, ही गोष्ट त्या कवितेचे मोल नाहीसे करीत नाही. पण त्या कवितेच्या वाचकाला ती टाळताही येत नाही. सवर्ण बंडखोरांच्या घरांतूनही असे पुस्तक आले असते तर वाङ्मयेतिहास अधिक पूर्ण झाला असता.

८

कलंदर पिढीच्या प्रवासाचे सर्वांत परिपक्व रूप अरुण कोलटकर यांच्या उत्तरकालीन लेखनात आढळते. त्यांचा 'जेजुरी' १९७६ मध्ये आला आणि १९७७ मध्ये त्याला राष्ट्रकुल काव्यपुरस्कार मिळाला. या यशानंतरही त्यांनी प्रसिद्धीपासून अंतर राखले. प्रभादेवीच्या छोट्या घरात ते राहिले, घरी टेलिफोन घेतला नाही. दर गुरुवारी दुपारी काळाघोडा येथील वेसाइड इन या उपाहारगृहात ते बसत, खिडकीशी. बाहेर तीन रस्त्यांच्या मधले वाहतुकीचे बेट होते. तिथे पूर्वी सातव्या एडवर्डचा अश्वारूढ पुतळा होता. ससून घराण्याने तो शहराला दिला होता आणि १९६५ मध्ये तो हलविला गेला. घोडा गेला, नाव राहिले.

या खिडकीतून जे दिसले त्यातून 'काळा घोडा पोएम्स' हा इंग्रजी संग्रह झाला. तो २००४ मध्ये, कवीच्या निधनाच्या वर्षी प्रसिद्ध झाला. भटका कुत्रा, उवा मारणारी बाई, फुटपाथवर न्याहारीसाठी जमणारी माणसे, कुष्ठरोग्यांचा वाद्यवृंद यांचे हे काव्य आहे. म्हणजे विषय तोच, पन्नास वर्षांपूर्वी बंडखोरांना ज्याने ओढून घेतले तो. दृष्टी मात्र बदललेली आहे. कवी त्या माणसांत मिसळल्याचा आव आणत नाही. तो खिडकीच्या आत आहे आणि ती माणसे बाहेर, हे अंतर तो लपवीत नाही. उलट त्या अंतरावरून जितके नीट पाहता येईल तितके पाहण्याची शिस्त तो स्वतःला लावून घेतो. इडली विकायला आलेल्या बाईभोवती जमलेली पंगत त्याच्या लेखणीतून समारंभाच्या थाटात उमटते, आणि त्यात दयेचा अंश नसतो. आपली मिरास कुठे आहे हे ओळखलेल्या कवीचे हे लेखन आहे. त्या ओळखीमुळेच ते पाहुण्याच्या कुतूहलापासून आणि पश्चात्तापाच्या प्रदर्शनापासून मुक्त राहते. 'भिजकी वही'तील स्त्रियांच्या दुःखांची मालिकाही याच शिस्तीतून आली. तिला २००५ मध्ये साहित्य अकादेमीचा मरणोत्तर पुरस्कार मिळाला.

शहराने दरम्यान आपला मार्ग धरला होता. जानेवारी १९८२ मध्ये सुरू झालेल्या संपात सुमारे अडीच लाख गिरणीकामगार उतरले. तो संप औपचारिकपणे कधी मिटला असे म्हणता येत नाही, पण गिरण्या मिटल्या. १९९१च्या विकास नियमावलीने गिरण्यांच्या जमिनी विकण्याचा रस्ता खुला केला. काळाघोडा हा कलामहोत्सवाचा परिसर झाला. वेसाइड इन बंद झाले. २०१७ मध्ये तिथे स्वाराशिवायचा नवा घोडा उभा राहिला. सुखलाजी स्ट्रीटवरील अफूचे अड्डे २०१२ मध्ये जीत थयिल यांच्या इंग्रजी कादंबरीचा विषय झाले आणि तिचे नाव बुकर पुरस्काराच्या अंतिम यादीत पोहोचले. जी वस्ती एके काळी वाङ्मयात आणणे हाच गुन्हा वाटत होता, ती आता वाङ्मयीन स्मृतीची ठेव झाली. तिथे राहणाऱ्यांना मात्र त्या स्मृतीचा वारसा मिळालेला नाही. जमिनीचे भाव वाढले तेव्हा बाहेर फेकली गेली ती त्यांचीच घरे. ज्यांनी ती वस्ती अनुभव म्हणून घेतली, त्यांचे अनुभव ग्रंथालयांत सुरक्षित आहेत.

या इतिहासातून वाङ्मयाच्या अभ्यासकाने कोणता निकष घ्यावा? जन्माची अट घालून 'जो तिथला नाही त्याने लिहू नये' असे म्हटले, तर मराठी कवितेची भाषा मोकळी करणारे निम्मे लेखन बाद करावे लागेल, आणि ढसाळांच्या कवितेची एक मुळीही तोडावी लागेल. उलट अनुभवाच्या नावाखाली सर्वांना एकाच पंक्तीत बसविले, तर मिरासदार आणि उपरी यांतला फरक पुसला जाईल. तो पुसला जाण्यात नेहमी मिरासदाराचाच फायदा असतो. कृतीचा विचार करताना लेखकाला परतीची वाट होती की नव्हती, हे जाणून घ्यावे. आणि होती तर तिची जाणीव त्याच्या शब्दांत उतरली आहे का, हे तपासावे. हा निकष ढसाळांनाही लागू करावा लागतो, कारण प्रतिष्ठा, पद्मश्री आणि अकादेमीचा सन्मान लाभल्यावर त्यांच्याही पाठीशी एक वाट तयार झाली होती. १५ जानेवारी २०१४ रोजी त्यांचे निधन झाले. त्यापूर्वीची कित्येक वर्षे ते कामाठीपुऱ्यात राहत नव्हते, पण त्यांच्या कवितेतील 'इथे' या शब्दाचा अर्थ अखेरपर्यंत तोच राहिला.

तेंडुलकरांच्या प्रस्तावनेचे मोलही याच ठिकाणी आहे. आपल्याला शब्द कळत नाहीत, असे सांगून एक मान्यवर लेखक त्या सीमेपाशी थांबला. त्या आधीच्या पिढीने ती सीमा ओलांडण्याचे धाडस केले होते. आपण जिथून आलो ते घर अजून आपल्या नावावर आहे, हे ओळखून तिथे उभे राहण्याचे धाडस मात्र मराठी साहित्यात आजही दुर्मिळ आहे.